एका दिवसाचा पगार

(नल्लकुंटा येथील गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर उभं राहून बोलायची आम्हाला सवय नाही. आम्ही डिप्लोमावाले, राज्य सरकारच्या नोकरीतले. आमचं जे काही लिहिणं-बोलणं होतं, ते मेजरमेंट बुकात. कार्यकारिणीने सांगितलं, "दरवर्षी संतांवर, नाटकावर, साहित्यावर भाषणं होतात. यंदा तुम्ही काही विज्ञानाचं बोला." विज्ञानावर बोलण्याइतका आमचा अभ्यास नाही. पण विज्ञानाच्या संस्था ज्यावर चालतात, त्या वर्गणीबद्दल आम्ही बोलू शकतो. कारण आम्ही वर्गणी भरली आहे, थकवली आहे, आणि पावतीपुस्तक हातात घेऊन शंकर मठापासून फीव्हर हॉस्पिटलपर्यंतच्या गल्ल्यांतले जिनेही चढलो आहोत.

प्रश्न साधा आहे. एखाद्या वैज्ञानिक किंवा व्यावसायिक संस्थेने सगळ्या सभासदांकडून सारखीच वर्गणी घ्यावी, की ज्याच्या त्याच्या उत्पन्नाप्रमाणे घ्यावी? आमचं मत दुसऱ्या बाजूला आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी आमची एक गोष्ट सांगतो आणि मग शंभर वर्षांपूर्वीची एक.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका विभागीय कार्यालयात चौघं जण होतो. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पदवीवाला एईई, डिप्लोमावाला एई, आणि त्याखाली वर्क इन्स्पेक्टर. आम्हा चौघांत तिघं एई होतो आणि एक वर्क इन्स्पेक्टर. एका व्यावसायिक संस्थेचं सभासद व्हावं, तिचं नियतकालिक वाचावं, व्याख्यानांना जावं, असं आमच्या मनात आलं. चौकशी केली तर दर एकच होता, मुख्य अभियंत्यालाही तोच आणि आम्हालाही तोच. मग आम्ही आपल्या पद्धतीने तोड काढली. चौघांनी मिळून एकाच्या नावावर वर्गणी भरली. अंक आला की आठवडाभर एकाकडे, मग पुढच्याकडे. व्याख्यानाला ज्याच्या नावाचं कार्ड तो आत जायचा. बाकीचे तिघं बाहेर इराणी चहा घेत बसायचे आणि तो आला की "काय सांगितलं रे?" असं विचारायचे.

आमच्यात सगळ्यात मन लावून वाचायचा तो वर्क इन्स्पेक्टर. लेव्हल घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा अंकात रस्त्याच्या वळणाची आखणी करण्याचं एक सोडवलेलं उदाहरण आलं होतं. त्यात एका ओळीत चूक होती आणि पुढचे सगळे आकडे त्यामुळे बिघडले होते. आम्ही तिघांनी ते वाचलं आणि पान उलटलं. त्याने ते सोडवून पाहिलं आणि समासात पेन्सिलने बरोबर उत्तर लिहिलं. आम्ही म्हटलं, "अरे, संपादकांना पत्र लिही." तो म्हणाला, "मैं तो मेंबरच नहीं." पुढच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा त्याने आपला चौथा हिस्सा दिला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "टाइम लेदु सार." वेळ नाही. आम्हाला ते खरं वाटलं, कारण खरं मानणं सोपं होतं. त्याच्या घरी त्या वर्षी काय चाललं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. काचीगुड्याहून बंगळूरला जाताना डोण सोडलं की गुत्ती लागतं. मुरारराव घोरपड्यांच्या किल्ल्यामुळे मराठी माणसाला हे नाव माहीत असतं. पण गुत्तीची आणखी एक ओळख आहे. 1906च्या डिसेंबरात तिथले डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी आपल्या काही मित्रांना एक पत्र धाडलं. माणूस आमच्यासारखाच सरकारी नोकर, पण गणिताचं वेड असलेला. त्यांचं म्हणणं असं होतं की परदेशातली गणिताची पुस्तकं आणि नियतकालिकं इथे कोणाला मिळत नाहीत, एकट्याला ती परवडतही नाहीत. तेव्हा आपण एक मंडळ काढू, सगळ्यांच्या वर्गणीतून ती मागवू आणि टपालाने एकमेकांकडे फिरवू. म्हणजे आम्ही चौघांनी केलं, तेच.

1907 साली हे मंडळ उभं राहिलं. आधी त्याला क्लब म्हणत. 1910 पासून त्याचं नाव इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. आजही ही संस्था चालू आहे. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तिचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होतं. तिथे रँग्लर परांजपे होते, केंब्रिजला 1899 साली सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. आंध्रातल्या एका कचेरीत कल्पना सुचली आणि तिची पुस्तकं पुण्यात राहिली. तेलुगू मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना याहून जवळचं उदाहरण कुठे मिळणार?

त्या मंडळाची वर्गणी ठरली वर्षाला 25 रुपये, सगळ्यांना सारखी. सुरुवातीचे सभासद जेमतेम वीस. वीस गुणिले पंचवीस, पाचशे रुपये. विलायतेहून नियतकालिकं मागवायची म्हणजे एवढे तरी लागणारच होते. तेव्हा दर चुकीचा होता असं आम्ही म्हणत नाही. पण हा दर कोणाला परवडत होता? डेप्युटी कलेक्टर, प्राध्यापक, मोठ्या कचेऱ्यांतले अधिकारी यांना.

आता दुसरा माणूस बघा. 1910 साली रामस्वामी अय्यर तिरुकोविलूरला होते. तिथे विशीतला एक तरुण कारकुनाची जागा मागायला त्यांच्याकडे आला. कॉलेजची परीक्षा नापास, घरात गरिबी, लग्न झालेलं, आणि बगलेत गणिताच्या वह्या. हा श्रीनिवास रामानुजन. अय्यरांनी वह्या पाहिल्या. या मुलाला महसूल खात्याच्या तळच्या जागेवर बसवलं तर त्याचं गणित मरेल, हे त्यांनी ओळखलं आणि त्याला आपल्या ओळखीच्या लोकांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. तो हिंडत हिंडत नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोचला. ते याच गणित संस्थेचे सचिव होते. त्यांनी त्याला काही काळ स्वतःच्या खिशातून दरमहा पैसे पाठवले. किती? 25 रुपये. संस्थेची जी वर्षाची वर्गणी ठरली होती, तितक्यात या माणसाचा एक महिना जायचा.

1911 साली संस्थेच्या नियतकालिकात रामानुजनचा पहिला शोधनिबंध छापून आला. 1912 साली त्याला मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये 30 रुपये महिन्यावर कारकुनी मिळाली. तिथे त्याचे वरिष्ठ होते नारायण अय्यर, गणित संस्थेचे खजिनदार. पुढे 1913 साली केंब्रिजच्या हार्डींना पत्र गेलं आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

ही गोष्ट आपण नेहमी दानशूर माणसांची गोष्ट म्हणून सांगतो. ती तशी आहेच, त्या माणसांना नमस्कार. पण आमच्यासारख्या कारकुनी डोक्याच्या माणसाला त्यात दुसरं काही दिसतं. रामानुजनला त्या वर्तुळात यायला वह्या घेऊन एकेका दारी जावं लागलं. प्रत्येक दार उघडलं, हे त्याचं नशीब आणि आपलंही. नियमानुसार येणारा माणूस ताठ उभा राहतो, मेहेरबानीने येणारा वाकून येतो. रामानुजनची वही अशी होती की तिने दारं उघडली. आमच्या वर्क इन्स्पेक्टरकडे नुसती पेन्सिलची एक दुरुस्ती होती. ती घेऊन तो कोणाच्या दारी जाणार?

आता हिशेबाकडे येऊ. सरकारी नोकराला एक माप चांगलं ठाऊक आहे. पूर आला, वादळ आलं की मुख्यमंत्री निधीला आपण काय देतो? एक दिवसाचं वेतन. शिपाईही एक दिवस देतो आणि सचिवही एक दिवस देतो. रक्कम वेगळी, पण दिलं सारखंच, असं दोघांनाही वाटतं. हेच माप वर्गणीला लावून बघू.

समजा, एखाद्या संस्थेचे शंभर सभासद आहेत आणि वर्गणी सगळ्यांना 1,200 रुपये. म्हणजे जमा 1,20,000. आता समजा, या शंभरांत चाळीस जणांना महिना 18,000 मिळतात, चाळीस जणांना 45,000 आणि वीस जणांना 1,20,000. पहिल्याचा दिवसाचा पगार 600, दुसऱ्याचा 1,500, तिसऱ्याचा 4,000. म्हणजे 1,200 रुपयांसाठी पहिला दोन दिवस राबतो, तिसरा दिवसाचा तिसरा हिस्साही नाही. कागदावर सारखी दिसणारी वर्गणी दिवसात मोजली तर खालच्या माणसाला सहापटीहून जास्त पडते.

आता दर बदलू. एका दिवसाचा पगार, पण 3,000 च्या वर कोणाकडून घ्यायचं नाही. म्हणजे तीन टप्पे झाले, 600, 1,500 आणि 3,000. चाळीस सहाशेचे 24,000, चाळीस दीड हजाराचे 60,000, वीस तीन हजाराचे 60,000. बेरीज 1,44,000. संस्थेला आधीपेक्षा 24,000 जास्त मिळाले. वरच्या वीसपैकी पाच जण रागावून निघून गेले असं धरलं, तरी 1,29,000 उरतात. उलट सारख्या वर्गणीत खालच्या चाळीसपैकी निम्मे गळाले तर जमा 96,000 वर येते. ही आकडेमोड आम्ही मनाने धरलेल्या आकड्यांवर केली आहे. प्रत्येक संस्थेने आपले आकडे घालून करून बघावी. पण खालचे गळतात तेव्हा आवाज होत नाही, ते फक्त "टाइम लेदु" म्हणतात. म्हणून तो तोटा कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

ही काही आमची नवी कल्पना नाही. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी ही 1888 साली स्थापन झालेली मोठी संस्था. तिथे सर्वसाधारण सभासदाची वर्गणी उत्पन्नाच्या टप्प्यावर ठरते, आणि विकसनशील देशांतल्या गणितज्ञांना वेगळा कमी दर असतो. तिथल्या समाजशास्त्रज्ञांच्या, पर्यावरणशास्त्रज्ञांच्या संस्थांतही उत्पन्नाप्रमाणे टप्पे आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाचं बघा. देशांची वर्गणी मुख्यतः त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नावर ठरते, पण आमसभेत प्रत्येक देशाला मत एकच. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. जास्त देणाऱ्याला जास्त मत मिळू लागलं तर ती संस्था राहत नाही, कंपनी होते.

यावर आक्षेप येतात आणि ते आम्ही टाळणार नाही.

पहिला आक्षेप, प्रसादाचा मोदक सगळ्यांना सारखाच, मग वर्गणी वेगळी का? बरोबर आहे. पण वर्गणी ही मोदकाची किंमत नाही. संस्था चालवण्यातला तो आपला वाटा आहे. किंमत वस्तूवर ठरते, वाटा उचलणाऱ्याच्या खांद्यावर ठरतो. पालखीला उंच माणूस आणि बुटका माणूस एकाच दांडीखाली घातले तर पालखी कलते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरा आक्षेप, पगार कोण सांगेल? सरकारी नोकराचा पगार सगळ्या गावाला माहीत असतो, आमची अडचण नाही. पण खाजगीतल्या माणसाला, दुकानदाराला संकोच होणारच. त्यावर उपाय एकच, विश्वास. पगाराची स्लिप मागायची नाही. तीन टप्पे छापायचे, सभासदाने आपला टप्पा आपण निवडायचा. काही जण खालचा टप्पा निवडतील. निवडू द्या. ज्या संस्थेला आपल्या सभासदाच्या शब्दावर 900 रुपयांचा विश्वास टाकता येत नाही, तिने त्याला चिटणीस तरी कसं करावं?

तिसरा आक्षेप थोडा अवघड आहे. पगार म्हणजे ऐपत नव्हे. एखाद्या पेन्शनराचं उत्पन्न थोडं, पण बरकतपुऱ्यात स्वतःचं घर. एखाद्या आयटीवाल्याचा पगार भारी, पण निम्मा हप्त्यांत जातो आणि गावाकडे आई-वडील. हे खरं आहे. आमच्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. म्हणूनच टप्पा माणसाने स्वतः निवडायचा, असं आम्ही म्हणतो. आपली ऐपत आपल्याइतकी कोणाला कळते?

चौथा आक्षेप, गरिबाला सवलत द्या की, सगळा दर कशाला बदलता? मित्रहो, सवलत मागावी लागते. अर्ज करावा लागतो, कारण लिहावं लागतं, आणि समितीत आपल्याच ओळखीचे चार जण तो वाचतात. दर मागावा लागत नाही, तो लागू होतो. आमच्या मित्राने सवलतीचा अर्ज कधीच केला नसता. 600 रुपयांचा टप्पा छापलेला असता, तर पैसे भरले असते, हे आम्ही खात्रीने सांगतो.

मात्र टप्पे नीट हवेत. आपल्या तेलंगणातला व्यवसाय कर बघा. महिना 15,000 पर्यंत काही नाही, 20,000 पर्यंत 150 रुपये, आणि त्याच्या वर सगळ्यांना 200. म्हणजे एकवीस हजारवाला आणि दोन लाखवाला सारखेच. याचं कारण राज्यघटनेच्या कलम 276 मध्ये या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा आहे, ती 1988 साली ठरली. पायऱ्या आहेत, पण पहिल्या मजल्यावरच संपतात. आपल्या संस्थेने अशा पायऱ्या बांधू नयेत.

कोणी म्हणेल, मग पैसा फंडासारखं करा. अंताजी दामोदर काळ्यांनी दर माणशी वर्षाला एक पैसा मागितला आणि त्यातून 1908 साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. फार मोठं काम. पण त्याला देणारे गावोगावी पसरलेले असंख्य लोक लागतात. शास्त्रीय संस्थेचे सभासद थोडे आणि खर्च ठरलेला. तिथे सगळ्यांना परवडेल इतका बारीक दर ठेवला तर नियतकालिकच बंद पडेल. दुसऱ्या टोकाला आपल्या हैदराबादचं उदाहरण आहे, बालापूरचा लाडू. 1994 साली लिलावात तो 450 रुपयांना गेला आणि 2024 साली 30 लाख 1 हजार रुपयांना. ज्याची ऐपत आहे तो देतो, आनंदाने देतो. पण लाडवाबरोबर नावही मिळतं. विज्ञानाच्या संस्थेकडे लिलावाला लाडू नसतो. तिला दरवर्षी, न चुकता, ठरलेले पैसे लागतात. ते टप्प्यांतूनच येतात.

शेवटी घरचं बोलतो. आपलं मंडळ काही वैज्ञानिक संस्था नाही. पण आपलीही वर्गणी सगळ्यांना सारखी आहे. आपल्या आसपास नांदेड, परभणी, लातूरकडची मुलं हॉस्टेलात राहून परीक्षांचा अभ्यास करतात, खाजगीत पंधरा-अठरा हजारांवर काम करतात. सांगली भागातून आलेले गलाईचे कारागीर जुन्या शहरात भट्टीपुढे बसतात. आरतीला यातले काही येतात, मागे उभे राहतात, प्रसाद घेतात आणि जातात. सभासद यादीत त्यांची नावं नाहीत. आपण म्हणतो, नव्या पिढीला मराठीचं प्रेम उरलं नाही. एकदा पावतीपुस्तकावरचा आकडाही बघू या.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. उत्सवानंतरच्या सर्वसाधारण सभेत तीन टप्प्यांचा ठराव मांडावा, चर्चा करावी, पटला तर एक वर्ष करून बघावा. मत प्रत्येकाला एकच. आणि स्मरणिकेत सभासदांची यादी छापताना नावापुढे रक्कम छापू नये. अकारविल्हे नावं छापावीत, म्हणजे पुढच्या वर्षी 600 वाला आणि 3,000 वाला शेजारी शेजारी येतील आणि कोण कोणता ते कोणाला कळणार नाही.

तो जुना अंक आज आम्ही बरोबर आणला आहे. समासातली पेन्सिल फिकी झाली आहे, पण वाचता येते. उत्तर बरोबर आहे, आम्ही काल रात्री पुन्हा करून पाहिलं. ज्यांना बघायचं असेल त्यांनी कार्यक्रमानंतर जरूर बघावं.